ताईच्या नावाची अळी

संग्रहालयाच्या कीटक विभागात कुणाला खऱ्या नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. ज्याचा जो किडा, तेच त्याचं नाव. मुंग्यांवर काम करणारा तो मुंगीवाला, विभागाचे प्रमुख म्हणजे डासवाले साहेब, आणि ती झोळीबाई. केस पांढरे होत आले तरी तिला हेच नाव होतं आणि निवृत्तीच्या निरोपसमारंभातही लोक हेच नाव घेणार, याची तिला खात्री होती.

झोळीअळी हे पतंगांचंच एक कुळ. अंड्यातून बाहेर आलेली अळी आधी अंगाभोवती रेशमाची पिशवी विणते आणि तिला बाहेरून काड्या, सालीचे तुकडे, पानांचे कपटे चिकटवते. मग जन्मभर ती झोळी अंगावर घेऊन हिंडते. बघणाऱ्याला वाटतं, फांदीला वाळकी काडी लटकलीय. पुढे नराला पंख फुटतात आणि तो उडून जातो. मादीचं तसं नाही. पुष्कळ जातींत तिला पंख नसतात, पाय नावापुरते, डोळे असून नसल्यासारखे, खायला तोंडही नाही. ती झोळीतच राहते, तिथेच अंडी घालते आणि तिथेच संपते.

खरी गोची होते ती नाव ठेवताना. नर दिव्यावर येतात, पकडले जातात, टाचणीला लागतात. झोळ्या लांब कुठे तरी झाडावर. कुठला नर कुठल्या झोळीतला, हे अळी पाळून तिच्यातून नर निघेपर्यंत कळायला मार्ग नाही. त्यामुळे जुन्या पुस्तकांत एकाच जातीला दोन-दोन नावं पडलेली, नराला एक नि झोळीला दुसरं. अशा जोड्या जुळवून त्यातलं जुनं नाव ठेवायचं नि नंतरचं बाद करायचं, यात झोळीबाईची सगळी नोकरी गेली.

"बाई लग्नं जुळवतात," मुंगीवाला नव्या माणसाला सांगायचा. "फक्त लग्न आधीच लागलेलं असतं, यांना नंतर कळतं."

तिची ताई उन्हाळा संपता संपता गेली. पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेली, तपासण्या झाल्या, आणि मग फार दिवस काढले नाहीत. सगळं उरकल्यावर झोळीबाई कामावर आली, खिडकी उघडली, सूक्ष्मदर्शकावरचं कापड काढून त्याची घडी केली आणि कामाला बसली. विभागातली माणसं जाता-येता दारातून डोकावून जात होती. बाई कधी तरी कोसळणार, तेव्हा कुणी तरी जवळ असावं, असं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं दिसत होतं.

बाई कोसळली नाही. तीही वाटच बघत होती. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर माणूस जिभेने हिरडी चाचपत राहतो, तशी ती मधून मधून मनातल्या मनात "ताई गेली" असं म्हणून बघायची. काही जाणवायचं नाही. मग ती पुढचा नमुना उचलायची. घरी गेल्यावर जेवायची, भांडी घासायची, झोपायची. झोपही लागायची, याचंच तिला नवल वाटायचं.

ताईच्या नावाने एक झोळीअळी होती. ती कशी झाली तर असं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सकाळी ताईचा फोन आला.

"अगं, माझ्या कुंपणावरच्या काड्या चालायला लागल्यात."

ताईचं घर गावाच्या कडेला होतं आणि पुढच्या अंगाला दाट झुडपांचं कुंपण. झोळीबाई गेली, बघते तर झुडपावर बोटाएवढ्या झोळ्या. काड्या आडव्या, चौकटीवर चौकट रचत गेल्यासारख्या, आणि तोंडाशी एकच लांब काडी बाहेर आलेली. असली रचना तिने कुठल्याच जातीत पाहिली नव्हती. तिने डबा भरून अळ्या नेल्या, पाळल्या. माद्या निघाल्या. नर मात्र एकही निघेना. उरलेल्या झोळ्यांतून दर वेळी बाहेर पडायच्या त्या अळी पोखरून वाढलेल्या बारीक परजीवी माश्या. वर्षामागून वर्षं ताई अळ्या गोळा करून पाठवत राहिली आणि माश्या निघत राहिल्या. शेवटी झोळीबाईने झोळी आणि मादी यांच्या वर्णनावर नवी जात जाहीर केली. ताईच्या नावाला लॅटिनची बायकी शेपटी जोडली, म्हणजे अर्थ झाला 'ताईची'. शोधनिबंधाचं पहिलं पान, खाली स्वतः काढलेलं मादीचं चित्र, असं फ्रेम करून ती ताईच्या घरी घेऊन गेली. घरात पाहुणे होते. तिने सगळ्यांना हौसेने समजावून सांगितलं.

"माझ्या नावाचा किडा!" ताई हसली. "म्हणजे मी मेले तरी लोकांची झाडं खात राहणार."

सगळे हसले होते.

ताई गेल्यावरच्या मोसमात भावोजींनी सवयीने अळ्यांचा डबा पाठवला. ताई पाठवायची, म्हणून त्यांनी पाठवला. झोळीबाईनेही सवयीनेच त्या जाळीच्या बरण्यांत सोडल्या. एका सकाळी ती आली तर एका बरणीत नर बसलेला होता, पंख नुकते वाळलेले.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो हा. तिने बरणी उजेडात धरली. धुरकट पंख, कडेला एक फिकट डाग. आणि तिथल्या तिथे तिच्या ध्यानात आलं, की याला आपण पाहिलंय. ती उठली, मागच्या खोलीतल्या जुन्या कपाटातून एक खण ओढून आणला. त्यात शंभर वर्षांपूर्वी कुणा हौशी संग्राहकाने दिव्याखाली पकडलेला एकुलता एक नर होता. त्याला नाव मिळालेलं होतं, त्याचा अर्थ 'धुरकट' एवढाच. त्याची झोळी कधीच कुणाला सापडली नव्हती.

पंखांच्या शिरा जुळल्या. पोटाच्या टोकाचे भाग जुळले. तरीही तिने दोघांचा एकेक पाय मुंगीवाल्याकडे दिला, कारण जनुकांची तपासणी त्याच्याकडे होती. उत्तर आलं तेव्हा तो तिच्या दारात उभा राहिला. एरवी आल्या आल्या खुर्ची ओढणारा माणूस, आज बसला नाही.

"एकच आहेत," तो म्हणाला.

"बरं."

"बरं काय बाई? ताईंचं नाव जातंय."

"जुनं नाव आधीचं आहे. आधीचं राहतं."

"नियम मलाही ठाऊक आहे हो. मी म्हणतो, घाई कुणाला झालीय? तो बिचारा शंभर वर्षं खणात पडलाय, अजून थोडे दिवस पडेल. तुम्ही निवृत्त व्हा. मग बघेल कुणी तरी."

"कोण बघेल?"

मुंगीवाल्याने डोकं खाजवलं. "कुणीच नाही. तेच तर म्हणतोय."

तिने मान हलवली, संगणकाकडे वळली आणि नव्या निबंधाचा मथळा टाइप केला. तो हळूच दार लोटून निघून गेला.

डासवाल्या साहेबांच्या कानावर बातमी गेली तशी त्यांनी तिला मुद्दाम खोलीत बोलावलं. "याला म्हणतात सचोटी," ते म्हणाले. "सख्ख्या बहिणीचं नाव स्वतःच्या हाताने बाद करायला काळीज लागतं. नव्या पोरांना मी तुमचं उदाहरण देणार आहे."

ती "हो सर" म्हणाली. आपल्या खोलीत परत येताना मात्र तिला वाटलं, साहेबांची काही तरी गल्लत होतेय. काळीज लागतं ते दुखत असेल तर. हिरडी बधिर असताना दात उपटून घेतला, त्यात कसलं आलंय शौर्य? तिचा हात थरथरला नव्हता, कारण थरथरायला आत काही शिल्लकच नव्हतं. पण हे साहेबांना काय सांगणार? त्यांनी सुट्टी घ्या म्हटलं असतं.

तिने भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला फोन केला आणि बस रद्द झाल्याचं सांगावं तशा आवाजात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे आईचं नाव काढून टाकणार?"

"काढून नाही टाकत. जुन्या नावाच्या खाली ते कायम छापलं जातं. दुय्यम नाव म्हणून."

"मावशी, माझ्याशी ऑफिसातल्यासारखं बोलू नकोस."

झोळीबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजून घेतलं असतं," भाची म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "पण तू? तू कसं केलंस हे?"

"दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. झोळी ओळखणारं दुसरं कुणी नाही ना." हे बोलता बोलताच तिला कळलं, की भाचीने विचारलेला प्रश्न हा नव्हता.

"बाबांना तूच सांग," भाची म्हणाली. "मी सांगणार नाही." आणि फोन ठेवला.

म्हणून झोळीबाई भावोजींकडे गेली. एरवी ती आधी कळवून जायची. त्या दिवशी कळवायचं तिला सुचलंच नाही. हल्ली बऱ्याच गोष्टी सुचत नसत. दुपारची वेळ होती. भावोजींनी बनियनवरच दार उघडलं, हात साबणाने भरलेले.

"अरे! तू?" ते म्हणाले आणि त्यांची मान एकदम मागे, बैठकीच्या भिंतीकडे वळली.

तिनेही आत पाहिलं. भिंतीवर नुसता खिळा होता.

"फ्रेम कुठाय?"

"कुठली?"

"भावोजी, या भिंतीवर एकच फ्रेम असते."

त्यांनी पंच्याला हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिले. "आत आहे. कपाटावर. तू कळवून आली असतीस तर…"

"तर काय?"

"तर लावून ठेवली असती."

तिला काहीच उलगडा झाला नाही. ती खुर्चीवर बसली आणि आधी आपलं काम केलं: नर निघाला, जुन्या नराशी जुळला, ताईच्या नावाची जात आता वेगळी राहणार नाही. भावोजी ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी एक सुस्कारा सोडला.

"म्हणजे सुटली म्हणायची एकदाची."

"कोण?"

"तुझी ताई." ते समोर बसले. "आता ती नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही. तिला ते नाव आवडलं नव्हतं गं. तू त्या दिवशी सगळ्यांना समजावून सांगितलंस ना? मादीला पंख नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत, जन्मभर झोळीतून बाहेर पडत नाही. सगळे हसले, तीही हसली. पाहुणे गेल्यावर भांडी आवरता आवरता मला म्हणाली, 'धाकटी मला अशी बघते होय?'"

आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईला नुकती कुठे नोकरी लागली होती. तिने ती सोडली. धाकटी शिकायला परगावी गेली. त्यावर घरात कधी कुणी बोललं नव्हतं. बोलण्यासारखं त्यात काही आहे असं धाकटीला वाटलंच नव्हतं.

"मी तर तिने शोधली म्हणून…" झोळीबाई म्हणाली. "मानाने ठेवतात नाव. मान म्हणून."

"हेच मी तिला सांगितलं. तर म्हणाली, 'कळतंय हो मला. पण लागायचं ते लागलंच.'"

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू एवढी खूश होतीस. तुझा हिरमोड कशाला, म्हणाली. तू येणार असलीस की मी स्टुलावर चढायचो नि ती खालून सांगायची, अहो, डावीकडे कललीय." भावोजी किंचित हसले. "ती गेल्यावरही तू फोन करून आलीस की मी लावत होतो. एकट्याला सरळ लावता येत नाही. तुला वाकडी दिसली असेल."

तिला दिसली नव्हती.

"आणि तसं म्हणशील तर," ते पुढे म्हणाले, "ते कुंपणही तिला कधीचं काढून टाकायचं होतं. निम्मं तर तुझ्या अळ्यांनी फस्त केलंय. पण माळी आला की ही त्याला फाटकातूनच परत पाठवायची. धाकटीचं काम आहे ते, हात लावायचा नाही, म्हणायची."

त्यांनी चहा केला. तिने फ्रेम मागितली, तेव्हा त्यांनी ती आतून आणून, फडक्याने पुसून तिच्या मांडीवर ठेवली. चित्र तिचं स्वतःचं होतं. तिने काढलेल्या चांगल्या चित्रांपैकी एक. फुगीर पिवळट अंग, पायांच्या जागी बारीक टोकं, डोळ्यांच्या जागी ठिपका. इतकी वर्षं ती या चित्रातल्या रेघा बघत आली होती, रेघ कुठे दाट झालीय, कुठे हलकी. खाली ताईचं नाव छापलेलं होतं. वर ते चित्र, खाली ते नाव. तिने दोन्ही एकत्र पाहिलं आणि फ्रेम उलटी करून ठेवली.

"घेऊन जाऊ का ही?"

"ने बाई," भावोजी म्हणाले. "मला आता स्टुलावर चढवत नाही."

बसमध्ये ती खिडकीशी बसली, फ्रेम पिशवीत, पिशवी पायाशी. दोन-तीन स्टॉप गेले असतील. आणि अचानक तिच्या तोंडून निघालं, "त्या मादीला तोंड नसतं. तुला होतं ना? मग बोलायला काय झालं होतं?"

शेजारच्या बाईने दचकून पाहिलं आणि आपली पर्स जवळ ओढली.

झोळीबाईला ताईचा राग आला होता. बधिर झालेल्या पायात रक्त परतताना मुंग्या येतात, तसा तो सगळ्या अंगात येत होता. दर खेपेला हसतमुखाने दार उघडणारी ताई, चहा पुढे करणारी ताई, "तुझा किडा बरा आहे ना?" विचारणारी ताई. सगळं पोटात ठेवून गेली आणि आता भांडायलाही मागे उरली नाही. तिला ताईशी कडकडून भांडायचं होतं. आणि भांडून झाल्यावर विचारायचं होतं, की मी खरंच तुला अशी बघत होते का? कारण तिला स्वतःला याचं उत्तर ठाऊक नव्हतं. तिने ताईकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. झोळ्या पाहिल्या होत्या.

उतरायची वेळ येईपर्यंत ते ओसरलं. ती उतरली, दूध घेतलं, घरी गेली. रडू आलं नाही. पुन्हा पहिल्यासारखंच बधिर वाटू लागलं. फक्त आता त्या बधिरपणाला एक कडा होती, आणि तिथे हात लागला की कळत होतं.

निबंध छापून आला. त्यात एक ओळ होती, की अमुक नाव यापुढे तमुक नावाचं दुय्यम नाव मानावं. खाली लिहिणारी म्हणून तिचं नाव. भाची बरेच दिवस बोलली नाही. मग भावोजींनी तिला त्या फ्रेमची हकिकत सांगितली असावी, कारण एका संध्याकाळी तिचा फोन आला. ती म्हणाली, "मावशी, आई मलासुद्धा नव्हती गं बोलली." इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्या, त्यानंतर अधूनमधून फोन सुरू झाले.

डासवाल्या साहेबांना मात्र चैन पडेना. त्यांनी दुपारच्या डब्याच्या वेळी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की बाईंकडे अजून एक जात बिननावाची पडलेली आहे, तिला ताईंचं नाव द्यावं, म्हणजे नुकसान भरून निघेल.

"नको," झोळीबाई म्हणाली.

"अहो, सगळ्यांची इच्छा आहे."

"तिची नव्हती." आणि मग, कसं कोण जाणे, तिने पोळीचा तुकडा हातात तसाच धरून सगळी हकिकत सांगितली. खिळा, स्टूल, डावीकडे कललेली फ्रेम, सगळं. टेबलावर कुणी घास चावेना.

ढेकणांवर काम करणारा एक जाडजूड गृहस्थ कोपऱ्यात बसायचा, सहसा बोलायचा नाही. तो घसा खाकरून म्हणाला, "मी सासऱ्यांच्या नावाने ढेकूण ठेवलाय. त्यांना फार आवडला. लग्नाच्या पत्रिकेत छापतात ते स्वतःच्या नावापुढे."

"पण तुम्ही मानाने ठेवला होता ना?" मुंगीवाल्याने विचारलं.

"छे हो," ढेकूणवाला म्हणाला. "मुद्दाम ठेवला होता."

झोळीबाई हसली. आधी नुसती नाकाने, मग चांगली मोठ्याने, खांदे हलेपर्यंत. सगळे तिच्याकडे बघत राहिले. इतके दिवस ते दुसऱ्याच कशाची तरी वाट बघत होते. हसू जसं आलं तसं मध्येच थांबलं. तिने डोळे पुसले, ते हसण्याने ओले झाले होते, आणि उरलेली पोळी खाल्ली.

"भाजी घ्या अजून," मुंगीवाला म्हणाला आणि आपला डबा तिच्याकडे सरकवला.

तिने घेतली. मीठ जरा जास्त पडलं होतं. तसं तिने त्याला सांगितलं.